पलीकडचे हातमोजे

१

प्रगतीची बस निघून गेली की अमरदीप मागच्या शेडचं कुलूप काढायचा. आधी फळीवरचे लाकडाचे ठोकळे एकेक उचलून कानाशी ठोकून बघायचा, मग लेथवर कापड फिरवायचा, मग चहा. बारा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. प्रगती, म्हणजे त्याची बायको, जैनथच्या शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "तुमाले शेडमधी शाळेची घंटी लावून देऊ काय?"

अमरदीप तंबाखू ओढायचे पाइप बनवायचा. तलमडुगूसारख्या गावात ही गोष्ट कोणाच्या गळी उतरवणं कठीणच होतं. चहाच्या टपरीवरची मंडळी सरळ 'मास्तरच्या चिलमी' म्हणायची आणि वर विचारायची, की एवढ्या बनवतो तर स्वतः का ओढत नाही? त्यानं जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. आदिलाबादच्या एका ट्रेनिंग सेंटरात तो लेथ शिकवायचा. सेंटर बंद पडलं, हातांना चैन पडेना, आणि एके दिवशी मोबाइलवर कुठल्याशा देशातला एक म्हातारा पाइप घडवताना दिसला. तेवढं निमित्त पुरलं. तेव्हापासून इटलीहून ब्रायरचे ठोकळे यायला लागले. ब्रायर म्हणजे तिकडच्या एका झुडपाच्या मुळाशी धरलेली गाठ; टणक, आणि विस्तवाला दाद न देणारी. तयार पाइप पुण्याचा एक दुकानदार न्यायचा.

ठोकळा कापणं, वाटी कोरणं, धुराचं भोक पाडणं, तोंडात धरायची दांडी बसवणं, हे सगळं एकट्याचं काम. दोन माणसं लागायची ती एकाच कामाला, सँडब्लास्टला. ब्रायरमध्ये मऊ आणि टणक अशा रेघा एकाआड एक असतात. वाऱ्याच्या जोरावर काचेचे बारीक मणी त्यावर मारले की मऊ तेवढं झिजतं आणि टणक उभं राहतं. झाडानं एकेक वर्ष घालवून धरलेली वळी मग बोटाला लागतात. पण झोत सोडणारं नोझल एका जागी दोन श्वास जास्त थांबलं, तर वाटीला भोक पडतं आणि सहा आठवड्यांचं काम चुलीत जातं.

हे सगळं चालायचं एका पत्र्याच्या पेटीत. आदिलाबादच्या वेल्डरनं ती बनवून दिली होती. फ्रिज आडवा निजवावा एवढी. आत एक ट्यूबलाइट. समोर काच, काचेखाली दोन गोल भोकं, आणि भोकांच्या कडांना कोपरापर्यंतचे जाड काळे रबरी हातमोजे पक्के बसवलेले, बोटं आतल्या बाजूला. आपण बाहेरून हात घालायचे आणि काम आत करायचं, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही. बाजारातल्या पेट्यांना हातमोज्यांची एकच जोडी असते. अमरदीपच्या पेटीला दोन होत्या, समोरासमोर, आणि पलीकडेही तशीच काच. दुसरी जोडी पांडुरंगरावांची.

पांडुरंगराव मागच्या गल्लीतले; अमरदीप त्यांना काका म्हणायचा. घरचं कापसाचं रान, पण जीव लेथवर. आयुष्यभर त्यांनी पलंगाचे पाय आणि लाटणी कातली. तरुणपणी जिनिंगच्या मशीनमध्ये डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. नजर अधू झालेली, पण उरलेल्या आठ बोटांना लाकूड दिसायचं. म्हणून पलीकडे बसून ते पाइप धरायचे, फिरवायचे, आणि अमरदीप अलीकडून नोझल चालवायचा. कंप्रेसरच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही. मग काका अमरदीपच्या मनगटावर बोटानं टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे चाल पुढं, दोन म्हणजे थांब. धूळ ओढणारा पंखा लागला की पेटीतली हवा बाहेर ओढली जाई आणि चारही मोजे फुगून आत ताठ उभे राहत. काकांच्या डाव्या मोज्यातली दोन रिकामी बोटंही फुगत. तीन बोटांनी पाइप धरलेला आणि दोन आपली सरळ बाजूला उभी. सुरुवातीला अमरदीपला त्याचं हसू यायचं. पुढं तो ते विसरूनही गेला.

काका पोळ्याच्या आठवड्यात गेले. दोन दिवस ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

२

दीड महिना पेटी बंद होती. घडवलेल्या नऊ वाट्या फळीवर वाट पाहत बसल्या होत्या. पुण्याच्या माणसाचे फोन यायला लागले तेव्हा अमरदीप उठला आणि त्यानं पेटीच्या मधोमध एक छोटा शिकंजा बसवला. पाइप त्यात आवळायचा, एक बाजू झाली की थांबायचं, शिकंजा सैल करायचा, पाइप फिरवायचा, पुन्हा आवळायचा. काम रटाळ होतं, पण होण्यासारखं होतं.

"बाबा, पलीकडे मी बसते ना," मैत्री म्हणाली. मैत्री त्याची एकुलती एक मुलगी. बी.एस्सी. झाली होती आणि बी.एड.च्या प्रवेशाची वाट पाहत घरी होती. तिच्या हातात कला होती, हे अमरदीपला ठाऊक होतं. दोन पाइपांच्या दांड्या तिनं घासल्या होत्या आणि त्या त्याच्यापेक्षा सरस झाल्या होत्या.

"पाहू," तो म्हणाला. खरं म्हणजे काकांच्या जागी कोणी बसावं हे त्याला इतक्यात सोसवत नव्हतं.

पहिल्या दुपारी त्यानं पाइपाची एक बाजू केली. पायाखालचं पेडल सोडलं, वारा थांबला. पंखा बंद केला तसे मोजे सैल पडले. काच मण्यांच्या माऱ्यानं इतकी धूसर झाली होती, की आतलं जेमतेम कळायचं. पाइप फिरवायला तो शिकंज्याकडे गेला आणि थांबला. पाइप फिरलेला होता. न झालेली बाजू वर, नोझलकडे तोंड करून.

आपणच फिरवला असेल. बारा वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. त्यानं दुसरी बाजू केली, आणि या वेळी मुद्दाम लक्षात ठेवलं, की आपण पाइपाला हात लावलेला नाही. पंखा बंद केल्यावर बघितलं, तर पाइप जिथल्या तिथं होता. तो स्वतःशीच हसला.

फक्त पलीकडचा उजवा मोजा इतरांसारखा पुरता पडला नव्हता. त्याचा अंगठा आत वळलेला राहिला होता. रबर जुनं झालं की असं होतं.

३

तिसऱ्या पाइपाला त्याच्या मनगटावर दोन टिचक्या पडल्या.

उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, रबरावरून. काका मारायचे अगदी तिथंच. त्याचा पाय पेडलवरून आपसूक उचलला गेला. बारा वर्षांच्या सवयीनं आधी आज्ञा पाळली, अक्कल मागाहून आली. त्यानं पाइप बाहेर काढला आणि वाटीच्या भिंतीला मापाचा चिमटा लावला. एका जागी भिंत दीड मिलिमीटर उरली होती. आणखी दोन श्वास, आणि भोक पडलं असतं.

तो स्टुलावर बसला. पलीकडच्या काचेतून समोरची भिंत आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर अंधुक दिसत होतं. पलीकडचं स्टूल रिकामं होतं. उठून त्या बाजूला जाऊन त्यानं भोकांत डोकावून पाहिलं. आत काळं रबर, रबराचा वास आणि काही नाही.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुमीच हाय काय?" रिकाम्या शेडमध्ये त्यानं मोठ्यानं विचारलं, आणि विचारून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटून दार लोटून घेतलं.

लाज वाटण्यासारखंच होतं ते. त्याचे वडील चंपत गुरुजी. बाबासाहेबांची दीक्षा घेतलेलं घर. भूत, अंगात येणं, भानामती यांच्याविरुद्ध त्यांनी उभी हयात घालवली. पोराची भीती जावी म्हणून लहानग्या अमरदीपला त्यांनी स्मशानातल्या चिंचेखाली बसवून पाढे म्हणायला लावले होते. त्यांच्या घरात कुठल्याही गोष्टीला एकच प्रश्न असायचा: कारण सांग. अमरदीपनं मैत्रीलाही तसंच वाढवलं. कोणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की ती पोर खुदकन हसायची, आणि बापाला त्या हसण्याचा भारी अभिमान होता.

आता या घरात तो कुठल्या तोंडानं सांगणार?

४

कारण शोधायचा त्यानं प्रयत्न केला, नाही असं नाही. पलीकडच्या भोकांवर त्यानं प्लायवूडच्या चकत्या बसवल्या आणि कडांना टेप मारली. बाहेरची हवा आत शिरायला वाव नाही, म्हणजे मोजे फुगायलाही कारण नाही. पंखा लावला. अलीकडचे मोजे फुगले, पलीकडचे लोंबत राहिले. त्याला हायसं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. मग त्यानं नोझल उचललं. पलीकडचे मोजे हळूहळू, झोपेतून उठावं तसे उठले.

टेप सुटली असेल. त्यानं जाऊन पाहिलं, सुटली नव्हती. मग पत्र्याला कुठंतरी फट असेल. फट असतेच, वेल्डरचं काम ते. त्यानं चकत्या काढून टाकल्या आणि पुन्हा पारख करायच्या फंदात पडला नाही. दुसऱ्या दिवशी शिकंजाही काढला. डाव्या हातानं पाइप पुढं केला, आणि पलीकडच्या हातांनी तो घेतला.

त्या महिन्यात त्यानं सहा पाइप केले. असं काम आधी कधी झालं नव्हतं. वळी इतकी खोल आणि इतकी एकसारखी उठली, की पुण्याच्या माणसानं फोन करून विचारलं, नवी मशीन घेतली का? अमरदीप जेवताना गुणगुणायला लागला. प्रगतीला वाटलं, चला, माणूस सावरला.

एकदा तो काकांच्या घरी गेला. बयनाबाई, काकांची बायको, ओसरीत कापसातला कचरा निवडत बसली होती.

"काकू, काका सपनात येतात काय?"

"कायचे येतात बा!" ती म्हणाली. "जित्ते होते तवा घरात पाय ठरत नव्हता त्याईचा. तुह्याच शेडमधी पडून राहात. आता काय घरी येतीन?" आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

अमरदीपला हे उत्तर फार आवडलं. घरी येताना तो मनाशी म्हणत होता, बरोबर आहे, काका शेडमध्येच असणार. मैत्रीनं पुन्हा पलीकडे बसायचं विचारलं तेव्हा त्यानं सरळ नाही म्हटलं. ती जागा भरलेली होती.

५

धूसर काचेचा कंटाळा येऊन त्यानं आदिलाबादहून नव्या काचा कापून आणल्या. दोन्ही बाजूंना बसवल्या, पुसल्या, ट्यूबलाइट लावली. आतला कोपरा न् कोपरा लख्ख दिसायला लागला. आधीच करायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

पंखा लावला. पाइप पुढं केला. पलीकडच्या हातांनी तो धरला, नेहमीसारखा, हलकेच. अमरदीप नोझल चालवायला लागला. काकांचे हात इतक्या दिवसांनी नीट दिसत होते, म्हणून तो डोळे भरून बघत होता. पण काहीतरी चुकत होतं. भिंतीवरची एखादी रोजची वस्तू कोणी हलवली की काय हललं ते चटकन कळत नाही, तसं त्याचं झालं. तो बघत राहिला, बघत राहिला.

डाव्या मोज्याची पाचही बोटं पाइपाभोवती मिटलेली होती.

बाजूला ताठ उभी राहणारी ती दोन कुठंच नव्हती. करंगळी वाटीच्या तळाशी वळून बसली होती, आणि तिच्यात जोर होता. रबरावर सांध्याच्या घड्या पडल्या होत्या.

मेल्यावर गेलेली बोटं परत मिळत असतील, अमरदीपच्या मनात आलं. हा विचार त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवला. चंपत गुरुजींच्या मुलानं, भर दुपारी, असा विचार केला. पेडल सोडलं. वारा थांबला, पंखा नुसता घुमत राहिला.

समोरच्या हातांनी पाइप पेटीच्या तळाच्या जाळीवर ठेवला. काका कधी पाइप जाळीवर ठेवायचे नाहीत. ओरखडा पडतो म्हणून हातात द्यायचे. मग त्या हातांनी अमरदीपचा डावा हात धरला. अंगठ्याचं टोक दोन बोटांत घेऊन वाकवून पाहिलं. मग तर्जनी. मग मधलं. बाजारात बाया भेंडीचं टोक मोडून कोवळी की निबर बघतात, तसं एकेक बोट, घाई न करता. करंगळीपाशी ते जरा जास्त थांबले. मग डावा हात सोडला आणि उजवा घेतला.

अमरदीप हललासुद्धा नाही. हलावं असं त्याला सुचलंच नाही. दहावं बोट झाल्यावर ते हात मागं सरले, आणि त्याच्या लक्षात आलं की ते निराश झाले आहेत. कसं कळलं ते त्याला कधीच सांगता आलं नसतं. निबर भेंडी लोक टोपलीत परत टाकतात.

त्यानं हात बाहेर ओढले आणि अंगणातल्या नळाखाली धरले. पाणी थंड होतं. काका आलेच नव्हते. एवढे दिवस तो भलत्याच कोणाच्या हाती पाइप देत होता, त्या कोणाला तरी 'काका' म्हणत होता. या गोष्टीचं त्याला भीतीहूनही जास्त वाईट वाटलं. तो दुसऱ्यांदा पोरका झाला.

भीती मागाहून आली. मैत्री कपडे वाळत घालत होती. तिच्या ओल्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि मग दिवसभर दुसरीकडे गेलंच नाही.

६

त्यानं शेडला कुलूप लावलं आणि हैदराबादच्या दुकानाला फोन करून मोज्यांची एकच जोडी असलेली तयार पेटी मागवली. यायला तीन आठवडे लागणार होते. तीन आठवडे काम बंद, असं त्यानं घरात जाहीर केलं.

"काऊन?" मैत्रीनं विचारलं.

"धूळ लय होते."

"मास्क हाये ना."

"काच फुटली."

"आत्ताच तर नवी आणली!" ती म्हणाली. "बाबा, खरं कारण सांगा. मले जमणार नाही असं वाटते काय तुमाले?"

प्रगतीनंही मुलीची बाजू घेतली. "पोरगी घरी बसून कंटाळून राह्यली. शिकू द्या ना तिले. तुमी कुलपं काऊन लावून राह्यले?"

'कारण सांग' हे शस्त्र त्यानंच तिच्या हाती दिलं होतं, आणि आता ते त्याच्यावर चालत होतं. खोटी कारणं ती एकेक करून पाडायची. खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. अकरा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी दुपारी तो बाजारातून परतला तर किल्ली खिळ्यावर नव्हती आणि मैत्री शेडमध्ये होती. पलीकडच्या स्टुलावर बसून ती भोकांच्या कडांवरची धूळ पुसत होती. हात अजून आत घातले नव्हते.

"तिथून ऊठ," तो इतक्या हळू म्हणाला, की ती घाबरून उठली.

"मी काहीच नाही केलं, बाबा."

तिचा चेहरा पाहून त्याला गलबलून आलं. आज उठवलं, पण उद्या? तो आंघोळीला गेला, झोपला, बाजारात गेला, की ती पुन्हा येणार. कुलूप काय, ती खिडकीतून येईल, त्याचीच मुलगी. मग त्यानं जो विचार केला तो शाळेतल्या गणितासारखा स्वच्छ होता. बारा वर्षं पलीकडे काका बसत होते, तेव्हा काही झालं नाही. ती जागा रिकामी राहिली आणि मग हे आलं. म्हणजे ते पलीकडच्या जागेचं आहे. जागा रिकामी ठेवायची नाही. तिथं आपण बसायचं. आपली बोटं तर त्यानं बघून टाकून दिलीच आहेत. आणि अलीकडच्या बाजूला आपण बारा वर्षं बसलो, आपल्याला कधी काही झालं नाही. ती बाजू चोख आहे.

"पाइप धरायचं काम बारकं नसते," तो म्हणाला. "ते मी करतो. तू माह्या जागी बस. नोझल चालव."

मैत्रीला खरंच वाटेना. "नोझल? मी?"

"तू."

ती हसली, आणि बापाच्या मनावरचं ओझं अर्धं उतरलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं समोरासमोर बसले. पलीकडच्या मोज्यांत हात घालताना अमरदीपनं श्वास धरला होता. आत काही नव्हतं. थंड रबर, थोडी पावडर, काकांच्या बोटांनी बारा वर्षांत पडलेले खोलगट वळसे. दोन बोटांच्या जागा कोऱ्या करकरीत होत्या. तिथं त्याची स्वतःची बोटं जरा घट्ट बसली. ती जागा काकांचीच होती, आणि ती आपण राखली, असं वाटून त्याला बरं वाटलं.

पंखा लागला. कंप्रेसर धडधडायला लागला. समोरच्या नव्या काचेतून मैत्रीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तोंडाला मास्क, कपाळावर आठी, ओढणी कमरेला खोचलेली. तिनं पेडल दाबलं. पहिल्यांदा नोझल थरथरलं, मग ठरलं. अमरदीपनं एक टिचकी मारली, आणि ती पुढं सरकली. पोरीचा हात खरोखर चांगला होता. घाई नाही, दाब नाही. पाइपावर एकेक वळं उठायला लागलं, आणि अमरदीपला कित्येक दिवसांनी साधं, कामाचं सुख मिळालं.

अर्धी वाटी झाली तेव्हा मैत्रीचा मास्क घसरला. नाकावरून खाली येऊन तो हनुवटीवर लोंबला. तिनं मान झटकून पाहिली, खांद्यानं सरकवून पाहिला, जमलं नाही. नवशिक्यांचं होतं तसं झालं. थांबताना पाय उचलायचा असतो हे ती विसरली. तिनं दोन्ही हात पेटीतून बाहेर काढले आणि डोक्यामागं नेऊन मास्कची नाडी बांधायला लागली. दोन्ही कोपरं वर, मान खाली.

नोझल पडलं नाही.

ते पाइपापासून चार बोटांवर, होतं तिथंच होतं. मण्यांचा झोत एका रेषेत येत होता आणि ती रेष वाटीच्या कडेनं संथपणे पुढं सरकत होती. मैत्रीच्या बाजूच्या उजव्या मोज्यानं नोझल धरलं होतं. डाव्यानं खालून नळीला आधार दिला होता. दोन्ही मोज्यांची भोकं मोकळी होती. अमरदीपला काचेतून मैत्रीच्या कुडत्यावरची निळी फुलं आणि डोक्यामागं गेलेले तिचे दोन्ही हात दिसत होते.

तो ओरडला. कंप्रेसरच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. पाइप सोडून उठावं असं वाटलं. पण आपण सोडला तर ते हात रिकामे होतील, आणि रिकामे हात कशाला लागतील, हे त्याच्या मनात आलं आणि त्याच्यानं उठवेना. तो पाइप फिरवत राहिला. समोरचे हात अगदी त्याच्यासारखं काम करत होते. त्याचीच ढब, वळणावर मनगट जरा खाली टाकायची त्याचीच खोड. त्याच्या मोज्यांत बसून ते शिकले होते, की तो त्यांच्याकडून शिकला होता?

मैत्रीनं गाठ मारली, चेहरा वर केला, आणि हात पुन्हा भोकांत घातले. नोझलवरची बोटं क्षणभर सैल झाली. बाकावर बसलेल्यानं सरकून शेजारी जागा करून द्यावी तशी. मग ती पुन्हा मिटली.

पाइप संपला. मैत्रीनं कंप्रेसर बंद केला, पंखा बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. मैत्रीनं पाइप काढून उजेडात धरला, अंगठा फिरवला, आणि तिचे डोळे चमकले.

"बाबा, पाहा तरी! किती मस्त झाला. मले वाटलं नव्हतं इतकं सोपं असते. हात आपोआप जातो."

अमरदीप पलीकडून उठून आला. त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तळवा घामेजलेला होता, बोटं कोवळी होती, आणि ती सगळी गरम होती.

"मैत्री," तो म्हणाला, "इथं पुन्हा बसू नको."

"काऊन?"

या वेळी त्यानं खरं सांगितलं. सगळं सांगितलं, एका दमात, सगळ्यांत साध्या शब्दांत. "त्या मोज्यांत कोणीतरी हाये. पांडुरंगकाका नाही, दुसरंच कोणी. तू मास्क बांधून राह्यली होती तवा नोझल त्यानं धरलं होतं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

मैत्री खुदकन हसली. तेच हसणं, ज्याच्यावर बापानं इतकी वर्षं जीव टाकला होता.

"बाबा, तुमी बी ना!" ती म्हणाली. "आजोबा असते तर चिंचेखाली बसवलं असतं तुमाले."

तिनं त्याच्या हातातून हात सोडवून घेतला, मास्क नीट केला आणि फळीवरची दुसरी वाटी उचलली. पंखा लागला. अलीकडचे दोन्ही मोजे फुगून आत ताठ उभे राहिले आणि मैत्रीनं त्यांत हात घातले.

"चला, बसा लवकर," ती ओरडून म्हणाली. "पाइप कोण धरीन?"

पलीकडची जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं. अमरदीप वळसा घालून गेला आणि पलीकडच्या स्टुलावर बसला.